बिलुंडचा सुतार आणि त्याचे लाकडी बदक

प्लास्टिकच्या रंगीबेरंगी ठोकळ्यांमुळे ‘लेगो’ हे नाव जगभरातील मुलांच्या तोंडी बसले आहे. मात्र या नावामागे हाताने लाकूड तासणारा एक सुतार होता आणि त्याने उमेदीची वर्षे शिड्या, इस्त्रीची टेबले व चाकांवर चालणारी लाकडी बदके विकण्यात घालवली, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. ओले किर्क ख्रिस्तियनसन हे त्यांचे नाव. लहानसहान लाकडी वस्तू करून त्यांवर घर चालवता येते का, हा प्रश्न त्यांच्यासमोर हौस म्हणून कधीच आला नाही. तो आला तेव्हा घरात पत्नी नव्हती, पदरात चार मुलगे होते आणि डोक्यावर कर्ज होते.

7 एप्रिल 1891 रोजी डेन्मार्कच्या जटलँड द्वीपकल्पात, फिल्स्कोव्ह गावाजवळच्या एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत त्यांचा क्रमांक दहावा. हा प्रदेश त्या काळी खुरट्या झुडपांच्या माळरानाचा, वाळूमिश्रित जमिनीचा. एवढ्या मोठ्या कुटुंबाला पुरेल असे उत्पन्न त्या शेतीतून निघणे कठीणच होते. साहजिकच मुलांना लवकर कामाला जुंपले जाई. ओलेंचेही बालपण शेतातल्या कामात गेले. फावल्या वेळात चाकूने लाकडाचे तुकडे कोरण्याचा नाद त्यांना तेव्हापासूनच होता. थोरला भाऊ सुतार होता. ओलेंनी त्याच्याच हाताखाली उमेदवारी केली आणि मग जर्मनी व नॉर्वे येथे काही वर्षे मजुरी करून ते मायदेशी परतले. नॉर्वेतच त्यांची हान्सिनेशी ओळख झाली.

1916 हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी बिलुंड येथील सुतारकामाचा एक कारखाना विकत घेतला आणि त्याच वर्षी हान्सिनेशी विवाह केला. कारखाना हा शब्द आज मोठा वाटतो. प्रत्यक्षात ते दारे-खिडक्या आणि फर्निचर करणारे एक दुकान होते. बिलुंडही तेव्हा रेल्वे स्थानकाभोवती वसलेले, मोजक्या घरांचे खेडे होते. आसपासच्या शेतकऱ्यांची घरे आणि गोठे बांधून देणे हा ओलेंचा मुख्य व्यवसाय. जवळच्या स्कोल्डबर्ग येथील चर्चच्या बांधकामातही त्यांचा हात होता. उन्हाळ्यात बांधकाम आणि हिवाळ्यात दुकानात बसून फर्निचर, असा या धंद्याचा वार्षिक क्रम असे. पुढे जो हिशेब त्यांना करावा लागला त्याचे मूळ या क्रमातच आहे. बांधकाम थांबले की सुताराजवळ अवजारे, लाकूड आणि रिकामे हात उरतात. या तिन्हींचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे.

1924 मध्ये पहिला आघात झाला. कार्ल गेऑर्ग आणि गॉटफ्रेड ही त्यांची दोन लहान मुले कारखान्यात खेळत होती. सरस तापवण्याच्या शेगडीशी त्यांनी काही उद्योग केला आणि ठिणगी लाकडाच्या ढलप्यांवर पडली. पाहता पाहता कारखाना आणि त्याला लागून असलेले राहते घर जळून गेले. ओलेंनी खचून न जाता अधिक मोठे घर व कारखाना बांधला. घराच्या दाराशी सिंहांच्या दोन मूर्ती बसवल्या गेल्या. मोठ्या घराबरोबर मोठे देणेही आले. परंतु शेतीमालाला भाव होता, शेतकरी बांधकामे काढत होते, त्यामुळे त्या वेळी ते जड वाटले नाही.

ही स्थिती 1929 नंतर पालटली. अमेरिकेतील शेअर बाजाराच्या कोसळण्याचे पडसाद युरोपभर उमटले. डेन्मार्कची अर्थव्यवस्था लोणी आणि डुकराचे मांस यांच्या निर्यातीवर, विशेषतः ब्रिटनच्या बाजारपेठेवर, अवलंबून होती. शेतीमालाचे भाव गडगडले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की तो नवा गोठा बांधत नाही आणि जुन्या खिडकीला फळी ठोकून वर्ष काढतो. ओलेंची गिऱ्हाइके शेतकरीच होती. कामे आटली आणि एकेक करून कामगार कमी करावे लागले.

अशा वेळी त्यांनी मोठी कामे सोडून छोट्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. घडीच्या शिड्या, इस्त्रीची टेबले, बसायची स्टुले असा माल त्यांनी तयार करायला सुरुवात केली. त्यामागचा विचार सरळ होता. घर बांधण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही इस्त्रीचे टेबल लागते आणि ते घ्यायला त्याला कर्ज काढावे लागत नाही. लाकूड कमी लागते आणि मोठ्या कामातून उरलेले तुकडेही वापरता येतात. या वस्तूंचे नमुने ओले आधी लहान आकारात करून पाहत. त्या छोट्या शिड्या आणि छोटी टेबले पाहताना, हे तर मुलांचे खेळणेच झाले, असे त्यांच्या लक्षात आले. 1932 मध्ये त्यांनी खेळण्यांचे उत्पादन सुरू केले. त्यात मोटारी होत्या, आगगाड्या होत्या, प्राणी होते.

त्याच वर्षी हान्सिनेचे निधन झाले. सर्वांत थोरला मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि धाकटा सहा. ओले धार्मिक वृत्तीचे होते. डॅनिश चर्चमधील ‘इंद्र मिशन’ या कर्मठ पंथाच्या शिकवणीवर त्यांची निष्ठा होती आणि या काळात तिचाच त्यांना आधार वाटला असावा. मुले आणि कारखाना ही दोन्ही एकट्याने सांभाळण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. बारा वर्षांचा गॉटफ्रेड शाळेतून आल्यावर वडिलांच्या हाताखाली काम करू लागला.

याच सुमारास फ्रेडेरिसिया या शहरातील एक लाकूडव्यापारी बिलुंडला आला. त्याला खेळणी पसंत पडली आणि नाताळच्या विक्रीसाठी त्याने मोठी मागणी नोंदवली. ओलेंच्या लहानशा कारखान्यात कामाला वेग आला. लाकूड आणले गेले, रंग आणला गेला, खेळणी तयार झाली. पण माल उचलण्यापूर्वीच तो व्यापारी दिवाळखोर झाला. तयार खेळण्यांचे ढीग कारखान्यातच राहिले.

हस्तव्यवसायातला खरा पेच इथे दिसतो. वस्तू तयार करणे कारागिराच्या हाती असते, ती विकली जाणे नसते. लाकडात, रंगात, मजुरीत पैसा आधी गुंततो आणि तो सुटेल की नाही हे दुसऱ्याच्या दुकानात ठरते. एकाच घाऊक गिऱ्हाइकावर विसंबलेल्या कारागिराची अवस्था तर त्याहून बिकट. ओलेंनी तो माल गाडीत घातला आणि स्वतः गावोगावच्या दुकानांतून विकायला निघाले. विक्रीकलेत ते तरबेज होते असे म्हणता येणार नाही. दुकानदारांकडेही रोख पैसे नसत, तेव्हा ते खेळण्यांच्या बदल्यात जिन्नस घेऊन येत. एकदा खेळणी देऊन ते बदामाचे पोते घेऊन घरी आल्याची हकीकत सांगितली जाते. घरातल्या माणसांची पोटे त्याने भरली असतील, लाकडाच्या वखारवाल्याचे देणे मात्र बदामाने फिटत नव्हते.

शेवटी त्यांना भावाबहिणींकडे हात पसरावे लागले. त्यांनी मदत केली, पण नाखुशीने. यापेक्षा काहीतरी उपयोगाचे काम करावे, असे त्यांपैकी एकाने ओलेंना सुनावले. त्या काळाचा विचार करता हा सल्ला गैर नव्हता. चाळिशी ओलांडलेला, चार मुलांचा बाप, कर्जात बुडालेला असताना लाकडी बदके रंगवत बसतो, हे कोणत्याही व्यवहारी माणसाला खटकलेच असते. ओलेंनी पैसे घेतले आणि सल्ला नाकारला. त्यांच्या मनात याविषयी संभ्रम नव्हता असे नव्हे. तथापि शेतकऱ्यांची बांधकामे लवकर सुरू होणार नाहीत आणि मुलांना खेळणे लागणे मात्र थांबणार नाही, हे त्यांना दिसत होते.

1930 च्या दशकाच्या आरंभी यो-योचे वेड पसरले होते. ओलेंच्या कारखान्यातही यो-यो मोठ्या संख्येने तयार होऊ लागले आणि काही काळ पैसाही आला. मग हे वेड जसे आले तसेच ओसरले आणि यो-योंचा साठा अंगावर पडला. तो शेकोटीत घालण्याऐवजी त्यांनी यो-यो मधोमध कापले आणि त्या गोल चकत्यांची चाके करून खेळण्यांतल्या गाड्यांना बसवली. वाया गेलेल्या मालातून नवा माल उभा राहिला. लाकूड वाया जाऊ न देणे हा सुताराच्या अंगात मुरलेला संस्कार आहे, त्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

1934 मध्ये ओलेंनी सोफी यॉर्गेनसन यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढल्या वर्षी त्यांना उल्ला ही मुलगी झाली. घर पुन्हा सावरले. दशकाच्या मध्यास व्यवसायाला स्वतःचे नाव असावे असे त्यांना वाटू लागले. त्यांनी कामगारांत स्पर्धा लावली आणि घरी केलेल्या वाइनची एक बाटली बक्षीस ठेवली. अखेर निवड झाली ती त्यांनी स्वतःच सुचवलेल्या नावाची. चांगले खेळ, अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची पहिली अक्षरे जोडून ‘लेगो’ हे नाव तयार झाले होते. लॅटिन भाषेत या शब्दाचा एक अर्थ ‘मी गोळा करतो’ असा होतो, हे बऱ्याच काळाने लक्षात आले म्हणतात. बाटलीचे काय झाले याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

या कारखान्यातील खेळणे कसे तयार होई, हे समजून घेण्याजोगे आहे. बीच जातीचे लाकूड निवडले जाई. कापून आणलेल्या फळ्या दोन वर्षे मोकळ्या हवेत वाळू दिल्या जात आणि नंतर तीन आठवडे भट्टीत वाळवल्या जात. लाकडात ओल राहिली तर ते पुढे आकसते, वाकते, त्याला चिरा पडतात. खेळण्याचे चाक मग आसावर घट्ट बसते किंवा निखळून पडते. वाळलेले लाकूड कापून, घासून, गुळगुळीत करून त्यावर रंग आणि लॅकर चढे. लॅकरचे तीन हात द्यायचे, हा ओलेंचा दंडक होता. दोन वर्षे वाळत पडलेले लाकूड म्हणजे दोन वर्षे अडकलेला पैसा. तिसरा हात म्हणजे आणखी लॅकर, आणखी मजुरी आणि सुकण्यासाठी आणखी एक दिवस. बदकाची दुकानातील किंमत मात्र त्यामुळे फारशी वाढत नव्हती.

या तिसऱ्या हातावरूनच एक प्रसंग घडला. तो पुढे खुद्द गॉटफ्रेडनेच सांगितला आणि कंपनीच्या इतिहासात आजही आवर्जून सांगितला जातो. एकदा त्याने लाकडी बदकांची खोकी स्थानकावर पोचवली आणि घरी येऊन वडिलांना अभिमानाने आपली हुशारी ऐकवली. बदकांना नेहमीच्या तीनऐवजी दोनच हात देऊन त्याने पैसे वाचवले होते. मुलाच्या काटकसरीचे कौतुक होण्याऐवजी त्याला ताबडतोब स्थानकावर परत धाडण्यात आले. सारी खोकी उतरवून आणायची, उघडायची, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा आणि माल पुन्हा बांधून स्थानकावर न्यायचा, तोही एकट्याने आणि रात्र जागून, अशी आज्ञा झाली. सर्वोत्तम वस्तू हीदेखील जास्त चांगली म्हणता येत नाही, अशा आशयाचे एक वचन ओले मानत. गॉटफ्रेडने ते लाकडाच्या पाटीवर कोरले आणि ती पाटी कारखान्यात लावण्यात आली.

संस्थापकांच्या अशा गोष्टी कंपन्यांना हव्याच असतात, त्यामुळे त्या थोड्या राखून ऐकाव्यात. पण या गोष्टीतला व्यवहार खोटा वाटत नाही. दुकानदारांना बिलुंडच्या सुताराचे नाव ठाऊक नव्हते. स्वस्त खेळणी त्यांना अन्यत्रही मिळत होती. पुन्हा मागणी यायची तर ती पहिल्या बदकाच्या टिकाऊपणावरच येणार होती. जाहिरातीला पैसे नसलेल्या माणसाने लॅकरवर पैसे खर्च करावेत, यात भाबडेपणा जेवढा दिसतो तेवढा नाही.

दशकाच्या उत्तरार्धात धंदा हळूहळू रुळावर आला. खेळण्यांचे प्रकार वाढले, गॉटफ्रेड स्वतः नवे नमुने आखू लागला. 9 एप्रिल 1940 रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापले. परदेशी माल येणे घटले, धातू आणि रबर यांच्या वापरावर बंधने आली आणि लाकडी खेळण्यांना अनपेक्षित मागणी निर्माण झाली. युद्धकाळात देशाची कोंडी होत असताना बिलुंडच्या कारखान्याचे उत्पादन मात्र वाढले. एरवी सचोटीने जे साधायला दहा वर्षे लागली, ते टंचाईने दोन वर्षांत साधून दिले, हे या चरित्रातले काहीसे अवघड सत्य आहे.

मार्च 1942 मध्ये एका रात्री कारखान्याला पुन्हा आग लागली. यंत्रे, तयार माल, खेळण्यांचे आराखडे आणि नमुने भस्मसात झाले. ओले तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. सारे सोडून द्यावे, असा विचार त्यांच्या मनात आला होता. मात्र खेड्यातील अनेक घरांची चूल या कारखान्यावर पेटत होती. कामगारांविषयीच्या जबाबदारीच्या जाणिवेने त्यांनी नव्याने उभारणी केली. नवा कारखाना केवळ खेळण्यांसाठी आखलेला होता आणि 1943 पर्यंत तेथे सुमारे 40 माणसे काम करू लागली. 1944 मध्ये व्यवसायाचे रूपांतर कंपनीत झाले.

युद्ध संपल्यावर ओलेंनी असे पाऊल उचलले की, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कसबाचीच गरज पुढे संपली. 1946 मध्ये त्यांनी प्लास्टिक वितळवून साच्यात घालणारे ब्रिटिश बनावटीचे यंत्र घेण्याचे ठरवले. त्याची किंमत होती 30 हजार क्रोनर. आयुष्यभर लाकूड हाताळलेल्या, दोनदा आगीत सर्वस्व गमावलेल्या माणसाने एका अपरिचित पदार्थासाठी एवढी रक्कम मोजावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. कारण शोधायचे तर ते पुन्हा हिशेबातच सापडते. प्रत्येक लाकडी बदक कापावे, घासावे, रंगवावे लागते. हजाराव्या बदकाला पहिल्याइतकाच वेळ लागतो. साचा एकदा तयार झाला की प्लास्टिकच्या बाबतीत हे गणित मोडते.

याच सुमारास हिलरी फिशर पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या ‘किडीक्राफ्ट’ कंपनीचे प्लास्टिकचे ठोकळे ओले व गॉटफ्रेड यांच्या पाहण्यात आले. त्यांत काही फेरफार करून 1949 मध्ये लेगोने आपले ठोकळे बाजारात आणले. ही कल्पना मूळची बिलुंडची नव्हती, एवढे येथे नोंदवायला हवे. शिवाय आरंभी तिचे स्वागत थंडच झाले. दुकानांकडून माल परत येत असे. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी कारखान्यातील सुमारे निम्मे उत्पादन प्लास्टिकचे झाले होते, तरी प्लास्टिक कधीच चांगल्या लाकडी खेळण्यांची जागा घेऊ शकणार नाही, असे मत खेळण्यांच्या व्यापाराला वाहिलेल्या एका डॅनिश नियतकालिकाने व्यक्त केले होते.

1950 पासून व्यवस्थापनाची सूत्रे हळूहळू गॉटफ्रेडकडे गेली. ओलेंची प्रकृती पूर्वीसारखी राहिली नव्हती. मुलाने सुट्या खेळण्यांऐवजी एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांची सलग मालिका 1955 मध्ये बाजारात आणली. ठोकळे घट्ट बसत नाहीत आणि पटकन सुटतात, ही त्यांची मोठी उणीव होती. ठोकळ्याच्या आत पोकळ नळ्या बसवून ती दूर करण्यात आली आणि 28 जानेवारी 1958 रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 11 मार्च 1958 रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने ओले किर्क यांचे निधन झाले. ते 66 वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात लाकडी खेळण्यांचा विभाग गेरहार्ड हा सर्वांत धाकटा मुलगा सांभाळत होता. फेब्रुवारी 1960 मध्ये लाकडी मालाच्या गोदामाला आग लागली. हा विभाग पुन्हा उभारण्याऐवजी लाकडी खेळणी कायमची बंद करण्याचा निर्णय गॉटफ्रेडने घेतला. तो मान्य नसलेले कार्ल गेऑर्ग आणि गेरहार्ड हे दोघे भाऊ कंपनीतून बाहेर पडले. गेरहार्डने ‘बिलोफिक्स’ या नावाने जोडणीच्या खेळण्यांचा स्वतंत्र उद्योग काढला. त्या खेळण्यातील पट्ट्या लाकडाच्याच होत्या.